महिन्याला एक येळवस

बिदर-कलबुर्गीत राहून, खिशाला फार चाट न लावता मुलांना घराबाहेर कसं न्यायचं, याचा एक आराखडा

शाळेला सुट्टी लागली की आपल्याकडच्या बहुतेक घरांत एकच संवाद ऐकू येतो. मुलं म्हणतात, "कुठं तरी चला ना." मोठी माणसं म्हणतात, "आपल्या गावात आहे काय बघण्यासारखं? एकदा हैदराबादला जाऊ सगळे." मग गाडीचं भाडं, तिकिटं, मॉलमधलं जेवण असा हिशेब मांडला जातो. आकडा चार अंकी होतो, "पुढच्या महिन्यात बघू" असं ठरतं आणि मुलं पुन्हा मोबाइलकडे वळतात. वर्षातून एकदा हैदराबाद होतं. उरलेले ५१ रविवार घरातच जातात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला मुलांच्या स्क्रीनबद्दल बोलायचा फारसा अधिकार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यावर काही बोलत नाही. पण आमच्या कामात एक सवय लागते. एखादी गोष्ट महाग पडत असेल तर ती नेमकी कुठे महाग पडते हे आधी शोधायचं. सहलीचा हिशेब असाच तपासला तेव्हा दिसलं की बाहेर जाण्याचा खर्च ठिकाणामुळे फारसा होत नाही. तो होतो लांबच्या अंतरामुळे, उशिरा निघण्यामुळे आणि भुकेमुळे. या तीन गोष्टी आधी ठरवल्या तर आपल्या दोन्ही शहरांत महिन्यातून एकदा मुलांना बाहेर नेणं कोणत्याही सामान्य घराला जमेल.

आणि हे शिकायला कुठे लांब जायला नको. आपल्या भागाने ते फार पूर्वीच बसवून ठेवलं आहे.

येळवस काय शिकवते

डिसेंबर-जानेवारीत येणारी मार्गशीर्ष अमावास्या म्हणजे आपली येळवस. कन्नडमध्ये तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद आणि सीमेपलीकडे उदगीर, निलंगा, लातूरपर्यंत त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबिल, खीर. ज्याचं शेत नाही त्याला शेजारी बोलावतो. मुलं दिवसभर ज्वारीत आणि तुरीत हुंदडतात. कोणी तिकीट काढत नाही, कोणी हॉटेल शोधत नाही.

सण म्हणून येळवस आपल्याला माहीत आहेच. सहल म्हणून तिच्याकडे पाहिलं तर तिचे पाच नियम दिसतात. जेवण घरून न्यायचं. दिवसभरात ठिकाण एकच. घरातली सगळी वयं बरोबर, आजीपासून कडेवरच्या बाळापर्यंत. प्रत्येक मुलाला काहीतरी काम: पाणी आण, लाकडं गोळा कर, पानं मांड. आणि मुलांना मोकळं सोडायचं, मिनिटामिनिटाला "हे बघ, ते बघ" करायचं नाही.

आता आपल्यापैकी अनेकांची शेतं लांब राहिली, काहींची वाटण्यांत गेली, काहींची कधी नव्हतीच. पण हे पाच नियम शहरातही चालतात. फक्त शेताच्या जागी किल्ला, बाग किंवा तळं घ्यायचं.

पैसा जातो कुठे

सहलीच्या खर्चाचे चार कप्पे करा: प्रवास, खाणं, तिकीट आणि हट्ट.

प्रवासाचा कप्पा आपल्याकडे जवळजवळ रिकामा करता येतो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू आहे. राज्यात राहणाऱ्या बायका-मुलींना सरकारी साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत आहे. कर्नाटकातला पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवायचं आणि शून्य रकमेचं तिकीट मात्र घ्यायचं. मुलीचं आधार कार्डही बरोबर ठेवा. सहा वर्षांखालच्या मुलाला बसमध्ये तिकीट नाही आणि बारापर्यंत अर्धं. आमच्या घरी आई, बायको, आठ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि मी. पाच माणसांच्या सहलीत तिकीट एकट्या माझं! उदगीरहून सुट्टीला आलेल्या आत्याला मात्र पूर्ण तिकीट काढावं लागतं, आणि ती ते दरवेळी बोलून दाखवते.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलांना जनरल डब्यात अर्धं तिकीट आहे.

तिकिटाच्या कप्प्याचंही तसंच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ज्या स्मारकांना तिकीट आहे, तिथेही १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. बागा, तळी, देवळं, दर्गे, गुरुद्वारा यांना पैसे पडत नाहीत.

खाण्याचा कप्पा सगळ्यात फसवा. मूल भुकेलं की समोर जी टपरी दिसेल तिथे पैसे जातात, आणि पोट भरत नाही ते वेगळंच. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, काकडी आणि दही-भात एवढं घरून नेलं की दुपारपर्यंत प्रश्न मिटतो. यात उन्हात नासेल असा फक्त दही-भात आहे. तो आधी संपवायचा.

उरला हट्ट. फुगा, आइस्क्रीम, प्लास्टिकची बंदूक. यावर "नाही" म्हणत राहिलं तर सहलीचा विरस होतो. आम्ही निघण्याआधीच दोघांच्या हातात तीस-तीस रुपये देतो. ते कुठे खर्च करायचे हे त्यांनी ठरवायचं, संपले की संपले. मुलगी बहुतेक वेळा निम्मे परत आणते. मुलगा बसस्टँडवरच संपवतो. दोघंही आपापल्या परीने हिशेब शिकतात.

ऊन हा खरा मालक

आपल्याकडे सहलीची वेळ ऊन ठरवतं. एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. कलबुर्गी विभागातली सरकारी कार्यालयंही या दोन महिन्यांत सकाळी ८ ते दुपारी दीड अशी चालवतात. मोठ्यांसाठी सरकार एवढी काळजी घेत असेल, तर मुलांना दुपारी बारा वाजता किल्ल्यावर चढवण्यात अर्थ नाही.

साधा नियम असा: ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पूर्ण सकाळ बाहेर. मार्चमध्ये साडेसहाला निघून दहाला परत. एप्रिल-मेमध्ये एक तर भल्या सकाळचा तास-दीड तास किंवा संध्याकाळची बाग. पावसाळ्यात किल्ल्याभोवतीचा परिसर हिरवागार होतो, पण शेवाळलेले दगड निसरडे असतात. तेव्हा तटावर चढायचं नाही, खालून हिंडायचं.

बिदर: एका सकाळी एकच ठिकाण

बाहेरून आलेला पाहुणा बिदर एका दिवसात "उरकतो". आपण इथले असून तसं करायचं कारण नाही. मोठ्यांना चालून दमवणारी यादी मुलांना तर रडवतेच. एका सकाळी एकच ठिकाण, आणि तिथे शोधायचा एकच प्रश्न.

किल्ल्याचं उदाहरण घ्या. बहमनी राज्य १३४७ मध्ये गुलबर्ग्याला सुरू झालं. पंधराव्या शतकात अहमदशहाने राजधानी बिदरला आणली. म्हणजे आपली दोन्ही शहरं एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. पण हे सगळं मुलांना पहिल्याच दिवशी सांगू नका. फक्त विचारा, "शत्रू आला तर तो आत कसा शिरणार?" मग मुलं स्वतःच जांभ्या खडकात कोरलेला तिहेरी खंदक बघतात, दरवाजा सरळ समोर का नाही हे विचारतात, तटावरच्या फटींतून डोकावतात. तीन तास कसे जातात कळत नाही. पुढच्या खेपेला रंगीन महालातली लाकडावरची कोरीव कामं आणि काळ्या दगडात जडवलेला शिंपला. त्यापुढच्या खेपेला सोळा खांब मशीद. एकच किल्ला तीन-चार रविवार पुरतो.

महमूद गवानचा मदरसा १४७२ मध्ये उभा राहिला. इराणहून व्यापारी म्हणून आलेला हा माणूस बहमनींचा वजीर झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग उडाला, तरी उरलेल्या मनोऱ्यावर आणि भिंतीवर रंगीत फरशांचे तुकडे अजून चमकतात. इथला प्रश्न: "पूर्वी इथे किती रंग असतील?" वही आणि खडू बरोबर असले की मुलं उरलेल्या तुकड्यांवरून पूर्ण भिंत रंगवतात.

अष्टूरच्या बहमनी कबरी शहरापासून अगदी जवळ, मोकळ्या रानात आहेत. तिथे हुमायूनशहाच्या कबरीवर वीज पडली, आणि आता तिचा घुमट अर्धा कापलेल्या फळासारखा उभा आहे. घुमटाची भिंत आतून किती जाड असते, हे एरवी कुठे दिसतं? शेजारच्या अहमदशहाच्या कबरीत आत रंगीत नक्षी आहे. या अहमदशहाला हिंदू आणि मुसलमान दोघंही मानतात, त्याच्या उरुसाला दोघंही येतात. आपल्या मुलांनी हे पुस्तकाआधी डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात खडकातून येणारं झऱ्याचं पाणी आहे आणि लंगर आहे. डोकं झाकून, पंगतीत बसून, पानात पडेल ते संपवून उठायचं, हा मुलांसाठी वेगळाच अनुभव असतो. जमलं तर मुलांकडून दानपेटीत काही टाकवा किंवा त्यांना पाणी वाढायला लावा. फुकट जेवण आणि पंगतीचा मान यातला फरक त्यांना त्यातून कळतो. तिथून पुढे नौबादच्या बाजूला कारेझ आहे. इराणी पद्धतीने जमिनीखालून पाणी वाहून आणणारा हा बोगदा आणि त्यावरचे विहिरीसारखे झरोके मुलांना बाहेरून, हात धरून दाखवता येतात. गावात इतकं पाणी आलं कुठून, हा प्रश्न मग नळ सोडताना घरीही आठवतो.

जुन्या गावातल्या बिदरी कारागिरांच्या दुकानासमोर अर्धा तास थांबायलाही पैसे पडत नाहीत. जस्त आणि तांब्याचं भांडं, त्यात ठोकलेली चांदीची तार आणि शेवटी किल्ल्यातली माती लावल्यावर काळं पडणारं भांडं, तरीही पांढरी राहणारी चांदी. आधी विचारून, कामात अडथळा न आणता बघायचं एवढंच.

कलबुर्गी: सावली शोधत

कलबुर्गीत उन्हाचा विचार आधी, म्हणून ठिकाणंही त्याप्रमाणे. उन्हाळ्यासाठी जिल्हा विज्ञान केंद्र उत्तम आहे. १९८४ पासून ते सुरू आहे, प्रवेश स्वस्त आणि बहुतेक वस्तू हाताने हलवून बघायच्या असतात. "हात लावू नको" हे वाक्य इथे लागत नाही, म्हणून आई-बापही निवांत. संध्याकाळी सार्वजनिक बाग किंवा शरणबसवेश्वर देवळाजवळचा तलाव. तिथे सायकल, चेंडू आणि चुरमुऱ्याचा चिवडा पुरतो.

थंडीत किल्ल्यात जा. १३६७ ची जामा मशीद बाहेरून साधी दिसते. आत मात्र कमानींच्या रांगा संपत नाहीत, आणि आपल्याकडच्या बहुतेक मशिदींसारखं मोकळं अंगण नाही, सगळी छताखाली. मुलांना इथे कमानी मोजायला सांगा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. किल्ल्यातली लांबच लांब बारागजी तोफ पावलांनी मोजायला लावा. सेडम रस्त्यावरचं वस्तुसंग्रहालय जुन्या घुमटांच्या इमारतींत आहे, आणि २००९ मध्ये उद्घाटन झालेलं बुद्ध विहार विद्यापीठाच्या बाजूला आहे. विहारात शांत बसायचं असतं, हे मुलांना आधी सांगून ठेवावं.

रेल्वे हीच सहल

आमच्या घरी सगळ्यात जास्त मागणी असलेली सहल म्हणजे बिदर-कलबुर्गी पॅसेंजर. हा सुमारे ११० किलोमीटरचा मार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. त्याआधी या दोन शहरांत थेट रेल्वे नव्हती. खिडकीतून तूर, ज्वारी, ऊस, लाल माती, मग काळी माती दिसत जाते. वाटेत बोगदा लागतो तेव्हा सगळा डबा ओरडतो. कमलापूर आलं की तिथल्या लाल केळ्यांची गोष्ट सांगता येते. त्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि बाजारात मिळाली तर चार विकत घ्यावीत. हुमनाबादला उतरलं तर जवळच माणिकनगर आहे. मुलं थोडी मोठी असतील तर जलसंगवीच्या चालुक्यकालीन देवळातल्या दगडी शिल्पांची एक वेगळी सहल करता येते.

गाड्यांच्या वेळा आदल्या रात्री बघून ठेवा आणि परतीची गाडी आधी पक्की करा. परतीची गाडी चुकली की सगळी बचत रिक्षात जाते.

इथे एक गोष्ट हळूच सांगतो. आपल्या घरांत सहल म्हटलं की बऱ्याचदा यात्रा होते. गाणगापूर, माणिकनगर, तुळजापूर. देवदर्शन अवश्य करावं, पण मुलाने तीन तास रांगेत उभं राहणं म्हणजे त्याची सहल नव्हे. यात्रेला जाल तेव्हा त्या दिवसातला एक तास फक्त मुलांच्या नावाने काढा.

जाण्याआधी

आदल्या रात्री पाच गोष्टी तपासा: माणशी एक लिटर पाणी, टोप्या, जुनी चादर, औषधांची छोटी पिशवी आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. स्वच्छतागृह कुठे आहे हे पोचताच आधी बघून ठेवा, विशेषतः आजी आणि मुली बरोबर असतील तर. किल्ल्यांत अनेक ठिकाणी कठडे नाहीत आणि विहिरी उघड्या आहेत. दोन मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. मधमाश्यांची पोळी दिसली तर लांब राहायचं, दगड मारायचा नाही. नरसिंह झिऱ्यात खोल पाण्यातून अंधारात चालावं लागतं. लहान मुलांना घेऊन तिथे जाऊ नये. आणि भिंतीवर नाव कोरायचं नाही, हे मुलांना सांगायच्या आधी आपल्या भाच्या-पुतण्यांना सांगा.

एकट्या कुटुंबापेक्षा दोन-तीन घरं मिळून गेलात तर आणखी सोपं. एक घर भाकरी आणेल, दुसरं भात, तिसरं फळं. मुलांना मुलं मिळतात आणि मोठ्यांना जरा बसता येतं.

यात आपल्या भाषेचं काय

आपली मुलं शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतात, गल्लीत दखनी उर्दू ऐकतात. चारही भाषा त्यांच्या आहेत, याचा आनंदच आहे. पण मराठी मात्र स्वयंपाकघरापुरती राहते: जेव, झोप, अभ्यास कर. एवढ्या शब्दांवर कोणतीही भाषा फार दिवस टिकत नाही.

बाहेर पडलं की नवे शब्द लागतात. बुरूज, खंदक, तट, कमान, झरोका, बांध, कोप, कडबा. माझ्या मुलीने "खंदक" हा शब्द पुस्तकात वाचला नाही. किल्ल्यापाशी आजीने तिला सांगितला, आणि आजीने त्याबरोबर तिच्या माहेरच्या गढीची गोष्टही सांगितली, जी मीही कधी ऐकली नव्हती. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेपूर्वी उदगीर, निलंगा आणि बिदर एकाच जिल्ह्यात होते. आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीत तो सगळा मुलूख अजून सलग आहे. घरात बसून त्यांना "काहीतरी सांगा" म्हटलं तर ते गप्प बसतात. बाहेर नेलं की आपोआप बोलू लागतात. म्हणून सहलीला आजी-आजोबा हवेतच, ओझं म्हणून नव्हे, वाटाडे म्हणून.

आपण मुलांना दरवर्षी एकदा लांबचं शहर दाखवतो तेव्हा नकळत त्यांना सांगत असतो की बघण्यासारखं जे काही आहे ते दुसरीकडे आहे. पुढे ती शिकून पुण्या-बेंगळुरूला जातील, जायलाच हवीत. पण "तुमच्या गावात काय आहे?" असं तिथे कोणी विचारलं तर त्यांच्याजवळ सांगायला दहा गोष्टी असाव्यात. त्या दहा गोष्टी त्यांना द्यायला फार पैसे लागत नाहीत. महिन्यातला एक रविवार आणि आदल्या रात्री भिजवलेली डाळ पुरते.

तेव्हा या महिन्याचा एक रविवार आजच कॅलेंडरवर गोल करा. ठिकाण मुलांना निवडू द्या, डबा मोठ्यांनी ठरवा, आणि सकाळी सातच्या आत घर सोडा. तुमच्या भालकी, औराद, चिंचोळी, आळंदच्या बाजूला आम्हाला माहीत नसलेली एखादी सावलीची, पाण्याची जागा असेल तर मंडळातल्या इतर घरांनाही नक्की सांगा. पुढची येळवस येईपर्यंत आपली अशी दहा-अकरा छोट्या येळवसांची यादी तयार व्हायला हरकत नाही.